अग्लायाच्या पेशी मी सांभाळल्या

मित्रांनो, मी एक जुनी ऊबपेटी आहे. जुनी म्हणवून घेताना मला मुळीच संकोच वाटत नाही, कारण ज्या कामासाठी मला घडवले ते काम मी आजही चोख करते. दुरून पाहाल तर तुम्हाला एखादे ठेंगणे लोखंडी कपाट वाटेल. कोपऱ्यांवरचा पांढरा रंग उडाला आहे, दाराची मूठ एकदा बदलली आहे. पण दार उघडा, म्हणजे आत लखलखीत तांबे दिसेल. तांब्यावर बुरशी सहसा धरत नाही, म्हणून माझे पोट तांब्याचे. तांब्यामागे दुहेरी भिंत आहे आणि त्या दोन भिंतींच्या मध्ये साठ लिटर पाणी. ते कोमट पाणी हेच माझे खरे बळ.

माझा जन्म रोमानियातल्या ब्राशोव्ह शहराजवळच्या एका कारखान्यात झाला, एकोणीसशे शहाऐंशी साली. माझे सांधे जुळवणाऱ्या कामगार बाईने मला काठोकाठ पाण्याने भरून दोन दिवस तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी तिने खाली वाकून फरशीवरून बोट फिरवले. बोट कोरडे निघाले. "ही टिकणार," एवढेच ती म्हणाली. पुढे मोठमोठ्या लोकांनी माझी स्तुती केली, पण ते दोन शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात.

रेल्वेने मी याश शहरात आले. तिथल्या एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ मला जागा मिळाली. काम ऐकायला सोपे होते: पोटातली ऊब सदतीस अंश ठेवायची, एक अंशही इकडेतिकडे होऊ द्यायचा नाही. माणसाच्या अंगात जेवढी ऊब असते, तेवढीच. कारण माझ्या पोटात माणसाच्या जिवंत पेशी वाढायच्या होत्या. त्यांना वाटले पाहिजे की आपण अजून कुणाच्या तरी अंगातच आहोत.

ते दिवस टंचाईचे होते. लोक ओव्हरकोट घालून टेबलांशी बसत. वीज लहर लागेल तशी जाई. मी मात्र पाण्यात ऊब धरून ठेवायला शिकले. पुढे राज्य बदलले, फलकांवरची नावे बदलली, आणि आमच्या खोलीत दोन बायका आल्या. माझ्या आयुष्याची खरी गोष्ट त्यांच्यापासून सुरू होते.

पहिल्या डॉक्टर ओलिंपिया सांदुलाके. उंच, सडसडीत, मोजके बोलणाऱ्या. दुसरी अग्लाया. ती काचेची भांडी धुई, पोषक द्रव तयार करी आणि पेशींना खाऊ घाली. अग्लाया प्रुत नदीकाठच्या गावची. तिचा आवाज जिन्याच्या तळापासून ऐकू येई. डॉक्टरबाई पेशींकडे टक लावून पाहत. अग्लाया त्यांच्याशी बोले.

डॉक्टरबाईंना एका प्रश्नाने पछाडले होते. तो प्रश्न मी तुम्हाला सांगते, कारण तो तुमच्या अंगात या क्षणीही घडणाऱ्या गोष्टीचा आहे.

मित्रांनो, तुमच्या त्वचेवर, तोंडाच्या आत, शरीराच्या आतल्या नाजूक मार्गांवर पेशींचे एक अस्तर असते. हे अस्तर म्हणजे जणू अनेक मजल्यांची इमारत. तळमजल्यावर गोल, टवटवीत, लहान पेशी राहतात आणि एकीच्या दोन, दोघींच्या चार होत राहतात. त्यातली एखादी वर चढू लागते. चढायला लागली की तिचे विभागणे थांबते आणि ती मोठी होऊ लागते. प्रत्येक मजल्यावर ती थोडी चपटी होते, चिवट होते. तिच्या मधोमध असलेले केंद्रक आक्रसून ठिपक्याएवढे होते. सर्वांत वर पोचते तेव्हा ती ढाल झालेली असते. काही दिवस ती तुमचे रक्षण करते आणि मग गळून पडते. तिची जागा घ्यायला खालून दुसरी आलेली असतेच. एवढ्याशा पेशीचे एवढे शहाणे आयुष्य!

आता एक विषाणू आहे. एखाद्या बारीकशा ओरखड्यातून तो थेट तळमजल्यावर शिरतो. तो शिरला की पेशींच्या मोठे होण्याचे काय होते? डॉक्टरबाईंना हेच पाहायचे होते. कारण त्या विषाणूमुळे बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, आणि आमच्या भागात त्या रोगाने कितीतरी बायका जात होत्या. अग्लायाची थोरली बहीण त्यातलीच एक. ती एकेचाळीस वर्षांची होती.

अडचण अशी होती की काचेच्या सपाट बशीत द्रवाखाली बुडवून ठेवलेल्या पेशी मोठ्या होतच नाहीत. त्या बाळासारख्या तशाच लोळत राहतात. त्यांना इमारत उभी करायची तर खालून खाऊ आणि वरून मोकळी हवा लागते. म्हणून डॉक्टरबाईंनी मऊ जेलीचा थर केला, त्यावर पेशी पसरल्या आणि तो थर द्रवाच्या वर, तारेच्या जाळीवर उचलून ठेवायचे ठरवले. तशी जाळी कुठे मिळेना. अग्लायाने बाजारातून पोलादी चाळणी आणली आणि कात्रीने तिचे चौकोन कापून चारी बाजूंनी पाय दुमडले.

"झालं टेबल," ती म्हणाली. "आता बसा म्हणावं जेवायला."

पहिल्या पाच वेळा आम्ही हरलो. दोनदा बुरशी आली, आणि मित्रांनो, माझ्या तांब्यावर ती आली नसली तरी माझ्या पोटातल्या बशीत आली, याची मला लाज वाटली. एकदा जेली फाटली. दोनदा पेशी वर चढल्याच नाहीत. दर वेळी अग्लाया मला आतून पुसून लख्ख करी आणि डॉक्टरबाई वहीत तारीख घालून पुन्हा सुरुवात करीत. सहाव्या वेळी निरोगी पेशींची इमारत उभी राहिली. आता विषाणू असलेल्या पेशी हव्या होत्या.

त्याच सुमारास एके दिवशी बाटल्या विसळता विसळता अग्लायाने कंबरेवर हात दाबला. डॉक्टरबाईंनी ते पाहिले.

"अग्लाया, तुम्ही शेवटची तपासणी कधी केली होती?"

"कसली तपासणी?"

"कसली ते तुम्हाला माहीत आहे. रोज त्याच आजाराच्या बशा धुता."

"डॉक्टरबाई, मी घोड्यासारखी आहे. घोड्याची कुणी तपासणी करतं का?"

"करतात की. विकत घेण्याआधी दातसुद्धा बघतात."

अग्लाया हसली, पण गेली नाही. महिनाभर डॉक्टरबाई रोज सकाळी "सुप्रभात" म्हणायच्या ऐवजी "गेलात का?" एवढेच विचारीत. शेवटी ती चिडून म्हणाली, "जाते बाई, एकदाची जाते! निदान माझी सकाळ तरी मला परत मिळेल."

ती गेली म्हणून वाचली. तपासणीत खराबी दिसली, पण अगदी सुरुवातीची. ते खराब झालेले अस्तर छोट्याशा शस्त्रक्रियेने काढून टाकायचे ठरले. आदल्या दिवशी डॉक्टरबाई तिच्याजवळ आल्या. नेहमी सरळ बोलणाऱ्या त्या बाई त्या दिवशी अडखळत होत्या.

"अग्लाया, जो तुकडा काढतील त्यातला एक कण मला मिळेल का? त्यात विषाणू आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी काही बिघडणार नाही. मी पुन्हा विचारणारही नाही."

अग्लाया बराच वेळ बाटल्या विसळत राहिली. विसळून झालेल्याच बाटल्या तिने पुन्हा विसळल्या.

"माझ्या ताईच्या वेळी कुणी काही विचारलं नाही, कुणी काही बघितलं नाही," ती म्हणाली. "घ्या. पण त्यांना खाऊ मीच घालणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

अशा रीतीने अग्लायाच्या पेशी माझ्याकडे आल्या. मित्रांनो, माझ्या पोटात कितीतरी अनोळखी माणसांच्या पेशी वाढल्या, पण ज्या बाईच्या त्या आहेत तीच रोज दार उघडून त्यांना खाऊ घालते, असे आयुष्यात एकदाच घडले. पहिल्या दिवशी तिने एकेक थेंब मोजून घातला. तिसऱ्या दिवसापासून ती त्यांना रागावू लागली.

"मोठ्या व्हा गं, बयांनो. माझ्या घरातल्या असून असं वागता? आईनं हेच शिकवलं का?"

वरच्या फळीवर निरोगी पेशींच्या बशा, खालच्या फळीवर अग्लायाच्या. दोन्हींना चौदा दिवस वाढवायचे, मग कापून पाहायचे. डॉक्टरबाईंनी अग्लायाच्या पेशी फारच थोड्या गोठवून ठेवल्या होत्या. हा प्रयोग फसला असता तर पुन्हा करण्यापुरत्याही उरल्या नसत्या.

तो फेब्रुवारी महिना होता. अकराव्या दिवशी डॉक्टरबाई कामानिमित्त बुखारेस्टला गेलेल्या, आणि आमच्याकडे बर्फाचे वादळ आलेले. सकाळी साडेदहा वाजता तारा तुटल्या आणि वीज गेली. माझा पंखा थांबला, माझी तापणारी तार थंडावली. खोलीतली शेगडीही विजेचीच होती. थोड्याच वेळात खिडकीच्या काचेवर आतून दव धरले.

अग्लायाने दाराची मूठ दाबून नीट बसली आहे ना ते पाहिले आणि स्टूल ओढून ती माझ्यासमोर बसली.

अकराच्या सुमारास संस्थेचे प्रमुख लेओन्तेसाहेब धापा टाकत वर आले. मागे त्यांचा ड्रायव्हर, हातात दोन थर्मास. साहेब मनाने वाईट नव्हते, पण घाबरले की ते हुकूम सोडत, आणि त्या दिवशी ते फार घाबरले होते.

"उघडा ती पेटी. सगळं थर्मासमध्ये भरा. हॉस्पिटलात जनरेटर आहे, गाडी खाली उभी आहे."

"बाहेर उणे चौदा आहे, साहेब."

"म्हणून तर थर्मास आणलेत!"

"जाळीवरच्या बशा आहेत त्या. आपल्या रस्त्यांवरनं गाडी गेली की खालचा द्रव उसळून वर येईल. एकदा बुडल्या की संपलं. आणि दार उघडलं की आतली सगळी ऊब एका दमात बाहेर."

"आणि नाही उघडलं तर इथेच गारठतील!"

"नाही गारठणार. हिच्यात साठ लिटर पाणी आहे. मी भरते ना दर महिन्याला, मला माहीत आहे. ही धरून ठेवील."

मित्रांनो, "ही धरून ठेवील" हे शब्द माझ्याबद्दल होते. मला शहारे येत असते तर ते तेव्हा आले असते.

लेओन्तेसाहेबांनी हात पुढे केला. "बाजूला व्हा, अग्लाया."

अग्लाया उठली आणि पाठ माझ्या दाराला टेकवून उभी राहिली. "नाही होणार."

"मी तुम्हाला कामावरून काढू शकतो!"

"काढा की. पण हुकूम टाइप कशावर करणार? वीज नाहीये."

ड्रायव्हर खोकला आला असे दाखवून हसू दाबू लागला. साहेब लालबुंद झाले. "बाई, तीन वर्षांचं काम आहे हे! ह्या पेशी काय तुमच्या घरच्या आहेत? संस्थेच्या आहेत!"

"माझ्याच आहेत," अग्लाया म्हणाली.

"म्हणजे?"

"माझ्या अंगातल्या आहेत. नोव्हेंबरात काढल्या. विचारा डॉक्टरबाईंना."

लेओन्तेसाहेबांनी आधी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांचा पुढे आलेला हात खाली गेला. मग त्यांनी सावकाश आपला मेंढीच्या कातड्याच्या कॉलरचा जाडजूड ओव्हरकोट काढला आणि माझ्यावर पांघरला.

"मग आता काय करायचं?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले.

"बसायचं. आणि दाराला हात लावायचा नाही."

ड्रायव्हरने खालून रखवालदाराची गोधडी आणली, शेजारच्या खोलीतल्यांनी कोट दिले, कुणी मफलर दिले. माझी तर एखाद्या म्हाताऱ्या आत्यासारखी गत झाली, फक्त थर्मामीटरची नळी बाहेर दिसत होती. अग्लायाने पिशवीतून चीज घातलेली प्लाचिंता काढली, म्हणजे तिच्या घरची भरलेली पोळी, आणि तिचे तुकडे करून सर्वांना वाटले. साहेब जमिनीवर बसून खात होते. दर अर्ध्या तासाने ते उठून आकडा वाचीत आणि मोठ्याने सांगत. बारा वाजता छत्तीस अंश आणि चार दशांश. दोन वाजता पस्तीस आणि सहा. तीन वाजता पस्तीसला जेमतेम टेकून. अग्लाया माझ्या पत्र्यावर तळवा ठेवून डोळे मिटून बसली होती.

मित्रांनो, मी तिथे काय केले? काहीच नाही. मी धरून ठेवले. आतली हवा जाऊ दिली नाही, पाण्याची ऊब थेंबाथेंबाने दिली, एकदम उधळली नाही. काही कामे अशीच असतात. ती करताना कुणाला दिसत नाहीत.

चार वाजून दहा मिनिटांनी दिवे लागले. थर्मामीटरवर चौतीस अंश आणि सात दशांश होते. माझा पंखा फिरू लागला तसे लेओन्तेसाहेबांनी रुमाल काढून डोळे पुसले आणि "धूळ फार आहे ह्या खोलीत" म्हणाले. ती खोली अग्लाया दिवसातून दोनदा पुसत असे.

तीन दिवसांनी पेशी कापल्या. डॉक्टरबाई परत आल्या होत्या. त्यांनी पापुद्र्यासारखे पातळ काप काढले, रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. बराच वेळ त्या वाकून बसल्या. मग म्हणाल्या, "अग्लाया, इकडे या. आधी तुम्ही बघा."

अग्लायाने हात पुसले आणि ती एक डोळा मिटून वाकली.

"ह्या वरच्या फळीवरच्या, निरोगी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खालून वर बघत जा."

"खाली गोल गोल... वर चपट्या होत चालल्यात. सगळ्यात वर तर लाटलेल्या पिठाच्या पदरासारख्या. शहाण्या आहेत."

"आता ह्या तुमच्या."

अग्लाया आणखी खाली वाकली. मग म्हणाली, "वर चढल्यात, पण नीट मोठ्या झाल्या नाहीत. हे मधले काळे ठिपके केवढे मोठे आहेत! अगदी वरच्या मजल्यापर्यंत."

"ती केंद्रकं. ती आक्रसायला हवी होती. विषाणू त्यांना थांबू देत नाही. वर जायचं, पण कामाला जुंपून राहायचं, असं सांगतो."

"आमच्या गावात आहे एक असा. चाळिशीला आला तरी त्याची आई त्याच्या पायात मोजे घालते." तिने डोळा न हलवता विचारले, "आणि तो मेला विषाणू कुठाय?"

"तळमजल्यावर नुसता दडून बसतो, थोडासा, कुणाच्या नजरेत न येता. त्याची पिल्लं मात्र तयार होतात ती वरच्या मजल्यावर, बऱ्यापैकी वाढलेल्या पेशीत. मग त्या पेशी गळतात आणि त्यांच्याबरोबर ती पिल्लं बाहेर पडतात."

अग्लाया सरळ झाली. "म्हणजे त्याला पेशी मोठी व्हायलाही हवी आणि मोठी व्हायलाही नको!"

डॉक्टरबाईंनी वही पुढे ओढली. "हे मी लिहून घेतलं तर चालेल?"

"घ्या की. पण पुढं काय होतं? माझ्या ताईला जे झालं ते?"

"बहुतेकींचं शरीर विषाणूला स्वतःच हाकलून देतं. काहींच्यात तो वर्षानुवर्षं राहतो. मग एखाद्या दिवशी पेशी मोठं होणंच सोडून देतात. खालपासून वरपर्यंत नुसत्या वाढत राहतात. तो कर्करोग. पण त्याला दहा-पंधरा वर्षं लागतात, अग्लाया. एवढ्या वेळात कुणीतरी वरच्या चार पेशी खरवडून बघितल्या तर मोठी केंद्रकं दिसतात. तळमजल्यावर काय चाललंय ते गच्चीवरच कळतं."

"एवढंच ते? गच्चीवर बघायचं?" अग्लाया खाली बसली. "एवढंच होतं?" तिच्या आवाजात राग होता आणि दुसरेही काही होते. डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या कापांची चित्रे खूप फिरली. डॉक्टरबाईंनी ती परदेशातल्या सभेत दाखवली, पण मला त्याहून अभिमान दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्याच चित्रांवरून त्यांनी आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या डॉक्टरांना आणि नर्सना शिकवले. एक चित्र मोठे करून आमच्या व्हरांड्यात लावले. अग्लाया येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून म्हणे, "लोक लग्नाचे फोटो लावतात. माझा हा असा लावलाय."

मग वर्षे गेली, आणि जे प्रत्येक यंत्राच्या वाट्याला येते ते माझ्याही आले. परदेशातून नव्या ऊबपेट्या आल्या, हिरवे आकडे चमकवणाऱ्या, जरा काही झाले की शिटी मारणाऱ्या. माझे पाणी काढून टाकले आणि मला व्हरांड्यात ठेवले. माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवू लागले, मोडक्या खुर्च्या रचू लागले. माझ्या पोटात कुणीतरी जुनी वर्तमानपत्रे कोंबली. सदतीस अंश जपलेल्या पोटात वर्तमानपत्रे! मी खोटे बोलणार नाही, त्या चार वर्षांत मला फार वाईट वाटले. यादीतून माझे नाव खोडले गेले आणि भंगारवाला कधी येणार याची चर्चा मी माझ्याच कानांनी ऐकली.

त्याच वर्षी अग्लाया निवृत्त झाली. निरोपाच्या वेळी तिला भिंतीवरचे घड्याळ देणार होते.

"घड्याळ नको," ती म्हणाली. "ती पेटी द्या."

"ती? तिचं काय करणार?" लेओन्तेसाहेबांनी विचारले. आता त्यांचे केस पिकले होते.

"पाळीव हंसांची अंडी उबवणार. आमच्या कोंबड्या-बदकांपेक्षा हिच्यावर माझा जास्त भरवसा आहे."

साहेब हसले आणि सहीसाठी पेन काढले. "मग आता तरी दार उघडायची परवानगी आहे ना मला?" त्यांनी विचारले, आणि स्वतःच्या हातांनी माझ्या पोटातली वर्तमानपत्रे काढली.

अशी मी प्रुतकाठच्या गावी आले. गावातल्या मेकॅनिकने तापणारी तार बदलली, अग्लायाने साठ लिटर पाणी भरले. हंसाच्या अंड्यांना माणसापेक्षा अर्धा अंश जास्त ऊब लागते. तेवढे मी जमवले. पहिल्या खेपेला चौदा अंड्यांतून अकरा पिल्ले निघाली. गावात बातमी पसरली, आणि दर वसंतात बायका पिल्ले मागायला येऊ लागल्या.

अग्लायाने एकच अट घातली. पिल्लू फुकट, पण तपासणी केल्याची चिठ्ठी दाखवायची.

"वेड लागलंय हिला," शेजारची सावेता म्हणाली. सावेता बावन्न वर्षांची, जिभेची तिखट. "अगं, चार पोरं घरच्या घरी जन्माला घातली मी. हंसाच्या पिल्लासाठी डॉक्टरसमोर जाऊन झोपू?"

"झोप नाहीतर उभी राहा. चिठ्ठी आण."

"बाजारात मिळतात पिल्लं!"

"मग बाजारात जा."

सावेता खरेच बाजारात गेली आणि सहा पिल्ले घेऊन आली. आठवड्यात सहाही गेली. तिने दोन महिने अग्लायाशी बोलणे टाकले. कुंपणापलीकडून कोंबड्यांना उद्देशून टोमणे मात्र चालू होते. मग एक दिवस ती दारात उभी राहिली, हातात घडी घातलेला कागद. चेहरा पांढरा पडलेला.

"घे तुझी चिठ्ठी," ती म्हणाली. "खूश? मला परत बोलावलंय. काहीतरी निघालंय म्हणे. तुझ्या त्या मेल्या पिल्लांपायी!"

अग्लायाने कागद वाचला. चष्मा काढला. "बस आधी."

"मी मरणार का?"

"बस म्हणते ना." अग्लायाने तिला माझ्या शेजारी बसवले, आणि पेशी कशा मजले चढतात, विषाणू त्यांना कसा मोठे होऊ देत नाही आणि गच्चीवर कसे कळते, ते सगळे तिला सांगितले. मी ते पूर्वी कितीदा ऐकले होते, पण इतक्या हळुवारपणे कधी नाही. शेवटी अग्लाया म्हणाली, "माझंही असंच निघालं होतं. बघ, बसलीय ना तुझ्यासमोर? सोमवारी पहिल्या बसनं मी येते तुझ्याबरोबर."

सावेता रडली, मग नाक पुसून म्हणाली, "डबा तू आण. तुझ्या प्लाचिंता बऱ्या असतात. बाकी तुझं काही धड नाही."

सावेताची शस्त्रक्रिया नीट झाली. रोग अजून अस्तराच्या आतच होता, पुढे सरकला नव्हता. पुढच्या वसंतात ती आपली दोन पिल्ले न्यायला आली तेव्हा एकटी नव्हती. दोन सुनांना पुढे घालून आणले होते, आणि त्या दोघींच्या हातात चिठ्ठ्या होत्या. आजपर्यंत आमच्या गावात आणि आसपासच्या तीन गावांत एकशे सव्वीस बायकांनी माझ्यापायी चिठ्ठ्या आणल्या. त्यातल्या सात जणींना वेळेवर उपचार मिळाले. सातही जणी आहेत. मी एक पेटी आहे, मला अभिमान शोभतो की नाही ठाऊक नाही, पण मला तो आहे.

मित्रांनो, आता तर या विषाणूवर लसही आहे. मुलींनी घ्यावी, मुलांनीही घ्यावी. तुमची वेळ येईल तेव्हा हात पुढे करायला घाबरू नका. जुन्या यंत्रांना आणि जुन्या माणसांना व्हरांड्यात ढकलण्याआधी एकदा त्यांना विचारून पाहा, अजून काय जमते म्हणून. आणि एक काम आजच करा. घरी गेलात की आईला, मावशीला, आजीला विचारा, "तुझी तपासणी झाली का?" ती म्हणेल, मला वेळ नाही. ती म्हणेल, मला काय झालंय. ती रागावेल आणि तुम्हाला अभ्यासाला बसवेल. तुम्ही अभ्यास करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारा.